एकट्याचा डबा

३ मार्च, सोमवार

पेई-लिंगने आज केबिनमध्ये बोलावून नवं काम दिलं. इथली, तैनानचीच, एक कंपनी एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांसाठी तयार जेवणाचा डबा बाजारात आणते आहे. गरम करायचा, वरचं झाकण सोलायचं, खायचं. आतलं सगळं मऊ, चावायची गरज नाही. लोक तो घेतील का, हे आपण शोधून द्यायचं.

"फोनवरून प्रश्न विचारू," ती म्हणाली. "आठवड्यात अहवाल."

मी म्हटलं, फोनवर म्हातारी माणसं खरं बोलत नाहीत. छान आहे म्हणतात आणि ठेवून देतात. समोर बसवून विचारलं तरी तेच. त्यांच्या हातांना काहीतरी काम द्यायला हवं. रंगीत माती, कात्री, चित्रं, थोडं नाटक. हात गुंतले की तोंड मोकळं होतं.

"ऐंशी वर्षांच्या लोकांना कात्री-गोंद?"

"तरुणांबरोबर करतोच की आपण."

"तरुणांना मजा वाटते, लिआव सर. ह्यांना अपमान वाटेल."

ही मुलगी शिकायला माझ्या हाताखाली आली तेव्हा लोकांच्या दारावरची घंटा वाजवायलाही बिचकायची. आता कंपनी चालवते. बराच वेळ बोलल्यावर ती तीन कार्यशाळांना तयार झाली. "तुम्ही ह्या जूनमध्ये निवृत्त होणार," ती म्हणाली, "शेवटचं काम तुमच्या मनासारखं होऊ दे."

निवृत्तीचं मी अजून ठरवलेलं नाही. ते तिला सांगायचं राहून गेलं.

७ मार्च, शुक्रवार

तयारी. म्हाताऱ्यांसाठी खोली लावणं हे वेगळंच शास्त्र आहे. खुर्च्यांना हात हवेत, नाहीतर उठता येत नाही. संडास जवळ हवा. कात्र्या मोठ्या कड्यांच्या. माती आधी मळून ठेवायला हवी, कडक माती बोटांना झेपत नाही. मातीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघायला गेलो तर अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावूनही लागेनात. हल्ली छपाईच वाईट करतात.

आठ जण ठरले, सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळे एकटे राहणारे. खोली मिळाली ती आमच्या ऑफिसातलीच. तिच्या एका भिंतीला आरसा आहे. आत बसणाऱ्याला तो आरसाच दिसतो, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्या डब्याच्या कंपनीच्या माणसांना सगळं दिसतं.

जेवण कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. तिथली मुलगी आता न विचारताच गरम करायला टाकते. कामाचे दिवस आहेत, स्वयंपाकाला वेळ कुठला.

१३ मार्च, गुरुवार

वाईट झालं. लिहायचं मन नाही, पण लिहितो.

सुरुवातीला मऊ चेंडू एकमेकांकडे टाकून आपापलं नाव सांगायचं होतं. तरुण लोक ह्यात पाच मिनिटांत खुलतात. इथे चेंडू हुंग साहेबांकडे गेला. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, कोट घालून आलेले, वय एक्क्याऐंशी. त्यांनी हात खिशातून काढलेच नाहीत. चेंडू छातीवर आपटून खाली पडला, कपाटाखाली गेला. कुणी हसलं नाही.

मग माती. 'काल संध्याकाळी जे जेवलात ते मातीचं करा,' असं सांगितलं. शिह आजी हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या. त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, "सर, हे बरोबर आहे ना? कसं असायला हवं?" बरोबर-चूक काही नसतं म्हटलं, तर जास्तच घाबरल्या. यान काकू सगळ्यांत लहान, एकाहत्तरच्या. त्यांनी मातीचा मासा केला, त्याला डोळा काढला आणि त्या माशाच्या निमित्ताने नवऱ्याच्या आजारपणाची पूर्ण हकिकत सांगितली. बाकीचे ऐकत बसले.

हुंग साहेबांनी मातीला हातही लावला नाही.

"साहेब, थोडंसं करून बघा," मी म्हटलं.

"आम्हाला बालवाडीत घातलंय का?"

ते उठले. दाराकडे जातील असं वाटलं, पण आरशाकडे गेले आणि कोपरानं त्यावर दोनदा ठकठक केलं. "आत कोण आहे?" पलीकडून कुणाचं तरी दाबलेलं हसू ऐकू आलं. सगळ्यांना ऐकू आलं. शिह आजींनी आपली माती दोन्ही हातांनी झाकली.

साहेब निघून गेले. पाठोपाठ आणखी दोघं.

कंपनीकडून तेंग नावाची मुलगी आली होती, ह्या डब्याचं सगळं तीच बघते. ती बाहेर येऊन म्हणाली, "सॉरी, हसले ते मी नव्हते." आणि लगेच, "किमतीचं विचारता आलं असतं का?"

१४ मार्च, शुक्रवार

पेई-लिंग रागावली नाही. त्याचंच वाईट वाटलं. "फोनवरच करू या ना," एवढंच म्हणाली. मी एक संधी मागितली. "सर, तुम्ही जेवलात का?" म्हणाली. कामाचं बोलताना ही असा विषय बदलते.

संधी मिळाली आहे.

१८ मार्च, मंगळवार

हुंग साहेबांच्या घरी गेलो. देवळाच्या मागची गल्ली, तळमजला, दारात पेरूचं झाड. घर स्वच्छ. उकाडा होता तरी साहेब हात खिशात घालूनच बसले होते. चहाची किटली, कप, सगळं मांडलेलं होतं. म्हणाले, "तुम्हीच ओता." पाहुण्याला कामाला लावायची साहेबी सवय, दुसरं काय. मी दोन कप भरले. त्यांचा तसाच गार झाला.

मी माफी मागितली. खेळ पोरकट होते हे कबूल केलं.

"खेळाचं नाही," ते म्हणाले. "मी आयुष्यभर खिडकीच्या आत बसलो. लोक बाहेर उभे, मी आत. आतल्या माणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे. बाहेरचा चुकीचा फॉर्म भरतो, त्याचं हसूच येतं. वाईट मनानं नाही. पण येतं."

"मग काच नसेल तर याल?"

"ती पोरगी आमच्यात बसेल का? आम्ही जे करू ते तिनंही करायचं."

मी म्हटलं, विचारतो. निघताना दारापर्यंत आले. "आणि माती नको," म्हणाले. बस एवढंच.

२७ मार्च, गुरुवार

आज वेगळी जागा घेतली: देवळाशेजारचं वस्तीचं सभागृह. तिथे ओटा आहे, शेगडी आहे, भिंतीला आरसा नाही. आठपैकी सात आले. तेंगही आली, आणि पेई-लिंगनं सांगितल्यामुळे की काय कोण जाणे, साध्या कपड्यांत आली.

घरी ज्यात जेवता ती वाटी घेऊन या, असं कळवलं होतं. एवढं एकच काम सांगितलं आणि गप्प बसलो. मला काही करावंच लागलं नाही. शिह आजींची वाटी कारखान्यानं दिलेली, खालचं नाव घासून गेलेलं. यान काकूंच्या वाटीच्या काठाचा टवका उडालेला. "नवी का नाही घेत?" तेंगनं विचारलं. "हिच्यात किती भात मावतो ते माझ्या पोटाला माहीत आहे," काकू म्हणाल्या. तेंगनं ते लिहून घेतलं.

मग जोड्या केल्या. एकानं जेवणारा व्हायचं, दुसऱ्यानं डबा. डब्यानंही बोलायचं. यान काकू डबा झाल्या. टेबलावर हात पसरून हुंग साहेबांना म्हणाल्या, "खा मला. मी अगदी मऊ आहे. मला दात लागत नाहीत."

साहेबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "मऊ आहेस ते दिसतंय. पण मला मुळ्याचं लोणचं कडाकड चावायचंय. माझे नऊ दात आहेत, त्यांनी काय करायचं?"

"त्यांना सुट्टी द्या."

"त्यांना सुट्टी दिली की मलाही द्याल तुम्ही लोक."

सगळे हसले. तेंग हसली, मग हसायची थांबली.

त्यानंतरचं मी ठरवलेलं नव्हतं. शिह आजींनी पिशवीतून हातमोजे काढले. जाड, प्रत्येक बोटात कापूस भरलेला. परवा रात्रभर शिवले म्हणे. तेंगच्या हातांत त्यांनी ते चढवले, मनगटाशी बांधले आणि तिच्याच कंपनीचा नमुन्याचा डबा तिच्यापुढे ठेवला. "सोल, पोरी. आमची बोटं अशी असतात."

तेंगनं कोपरा धरायचा प्रयत्न केला. सुटला. पुन्हा धरला. डबा फिरत राहिला. शेवटी जोर केला तर निम्मं झाकण फाटलं आणि रस्सा तिच्या पँटवर. शिह आजी लगेच फडकं घेऊन धावल्या, पण हसत होत्या. पहिल्या दिवशी मातीला घाबरलेल्या त्या ह्याच, विश्वास बसेना.

तेव्हा हुंग साहेब म्हणाले, "आता माझं बघ." त्यांनी हात खिशातून काढले. दोन्ही हात थरथरत होते, उजवा जास्त. त्यांनी दुसरा डबा पुढे ओढला. हातमोजे नको म्हणाले. कोपरा चिमटीत येईना. आला की निसटे. आम्ही सगळे बघत होतो, आणि कुणी मदत करायला पुढे झालं नाही, कारण मदत नको होती हे सगळ्यांना समजत होतं. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी शर्टाच्या खिशातून लहान कात्री काढली आणि झाकणाला भोक पाडलं.

"घरी असं करतो," ते म्हणाले. "कुणी नसतं म्हणून बरं."

त्या दिवशीचा चहा मला आत्ता कळला. मी माणसं वाचायची कामं करतो म्हणतात.

४ एप्रिल, शुक्रवार

पितरांचा सण. लेक यू-आन शिन्चूहून सकाळच्या गाडीनं आली. दोघं मिळून तिच्या आईच्या, मेई-चूच्या, अस्थी ठेवल्या आहेत तिथे जाऊन आलो. फुलं वाहिली. मेई-चूच्या आवडीची, शेंगदाण्याची पूड आणि भाज्या भरलेली पोळी ठेवली. मग देवळाच्या पायरीवर बसून तीच आम्ही खाल्ली.

यू-आननं फ्रिज उघडून पाहिला आणि पुन्हा बंद केला. "बाबा, ह्यात फक्त सोया सॉस आहे."

"काम चालू आहे ना."

"सोफ्यावर उशी कशाला?"

टीव्ही तिथे आहे, म्हणून सांगितलं. जाताना भाजी आणून, चिरून, डब्यांत भरून गेली. तिला उगीच काळजी करायची सवय आहे, आईकडून आली आहे.

१० एप्रिल, गुरुवार

शेवटची कार्यशाळा. शिह आजी आल्या नाहीत. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं ताइचुंगला घेऊन गेला, यान काकूंनी सांगितलं. घर परवाच रिकामं केलं. आजी रडल्या नाहीत, फक्त हातमोज्यांचा एक जोड काकूंकडे देऊन गेल्या, "त्या पोरीला द्या" म्हणून.

आजचा खेळ मुक्यानं करायचा होता: घरी संध्याकाळी जेवता ते न बोलता करून दाखवायचं, जोडीतल्या दुसऱ्यानं ओळखायचं. जोडीला एक माणूस कमी पडत होता. "सर, तुम्ही या," यान काकू म्हणाल्या. नियमानं मी खेळायचं नसतं. पण वेळ जात होता.

मी विषय नीट पोचावा म्हणून जरा वाढवूनच केलं. दार उघडलं. पिशवी ओट्यावर ठेवली. डबा काढला, दातांनी झाकण फाडलं. दोन घास उभ्यानंच खाल्ले. मग सोफ्यावर बसलो, टीव्ही लावला. मध्येच शेजारी वळून डबा पुढे केला, चव बघ म्हणून. मग तो परत मांडीवर घेतला आणि उरलेला खाल्ला. तेवढं झाल्यावर तिथेच आडवा झालो.

उठलो तर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. तेंगनं मान खाली घातली होती. मला वाटलं, फार लांबलं.

"सर, तुमचं वय काय?" हुंग साहेबांनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"मग तिकडे उभे काय राहिलात? इकडे बसा आमच्यात."

सगळे हसले, मीही हसलो आणि बसलो. खुर्चीला हात होते, बरं वाटलं.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून पुठ्ठ्याचा, आपल्या मनासारखा डबा बनवला. झाकणाला बोट अडकवता येईल असं मोठं कडं. मुळ्याचं लोणचं वेगळ्या कप्प्यात, कडक. अक्षरं ठळक. आणि यान काकूंच्या बाजूनं एक भलतंच निघालं: चौघांचं एकच मोठं भांडं. "एकट्यासाठी डबा करता," काकू म्हणाल्या, "पण एकटं जेवायला कुणी सांगितलंय? दर गुरुवारी एक भांडं इथे पाठवा. आम्ही येऊ."

जाताना काकूंनी मला घरी जेवायला बोलावलं. अहवाल लिहायचा होता, म्हणून नाही म्हटलं.

२२ एप्रिल, मंगळवार

कंपनीत अहवाल मांडला. मी बोलायला उभा राहिलो तर तेंग म्हणाली, "पहिला भाग मी करते." तिनं पिशवीतून शिह आजींचे हातमोजे काढले आणि आपल्या संचालकांपुढे ठेवले. सगळ्यांसमोर तिनं ते त्यांच्या हातांत बांधले. गृहस्थ आधी हसले, मग घामाघूम झाले. हातांत मोजे बांधलेले, त्यामुळे घामही पुसता येईना. डबा उघडलाच नाही.

झाकण बदलणार. लोणच्याचा कप्पा येणार. बाजारात आणायची तारीख पुढे ढकलली. चौघांच्या भांड्याला मात्र संचालकांनी नकार दिला. ते आपल्या विभागात बसत नाही म्हणाले. तेंगनं दोनदा मुद्दा मांडला. तिसऱ्यांदा मांडायला लागली तेव्हा मीच तिला डोळ्यानं थांबवलं, तिची नोकरी नवी आहे.

परतताना गाडीत पेई-लिंग म्हणाली, "सर, माझं चुकलं. फोनवरून हे कधीच मिळालं नसतं." मग पुढच्या सिग्नलला विचारलं, "जूननंतर काय करणार?"

"निवृत्त व्हायचं मी ठरवलेलं नाही," असं म्हणणार होतो. पण तिनं इतक्या हळू आवाजात विचारलं होतं की म्हटलं, "बघू."

८ मे, गुरुवार

दुपारी यान काकूंचा फोन. "सर, संध्याकाळी येताय ना?"

मी सांगितलं की काम संपलं. कंपनीनं भांडं नाकारलं, मानधनही आता मिळणार नाही.

"मानधन कोण मागतंय? भांडं माझं आहे. मासा मी आणलाय. हुंग साहेब सकाळपासून खुर्च्या मांडतायत."

काम झाल्यावर गट पुढे काय करतो हे पाहणं उपयोगाचं असतं. असे पुरावे सहसा मिळत नाहीत. म्हणून वही घेऊन गेलो.

सभागृहात पाच जण होते. ओट्यावर माशाची पेज शिजत होती, वर आल्याचे बारीक काप. हुंग साहेबांच्या दारातले पेरूही आले होते. हुंग साहेबांनी माझ्या हातातली वही घेतली आणि उंच फळीवर ठेवून दिली. मग एक सुरी आणि पेरू पुढे केले. "माझ्याच्यानं कापवत नाही. तू काप."

मी कापले. फोडी लहान-मोठ्या झाल्या. यान काकूंनी बघून मान हलवली. "अरे लिआव, बायकोनं तुला कधी स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या फोडी तिलाही आवडायच्या नाहीत. मागे उभी राहून सांगायची, आणखी बारीक, आणखी बारीक."

मेई-चूबद्दल मी असं कुणाशी बोललो नव्हतो. काकू म्हणाल्या, "बरोबर सांगायची. आणखी बारीक." आणि मी आणखी बारीक कापले.

जेवायला बसलो तेव्हा ताइचुंगहून शिह आजींचा फोन आला. तो मध्ये ठेवून सगळे एकदम बोलायला लागले. तिकडे सून चांगली आहे, पण पेज पातळ करते. आजींनी विचारलं, माझ्या जागी कोण बसलंय? हुंग साहेब म्हणाले, "लिआव बसलाय. दोन वाट्या झाल्या त्याच्या." मी खरं तर तिसरी घेत होतो.

भांडी मी घासली. पुढच्या गुरुवारी भाजी आणायची माझी पाळी लावली आहे. मी म्हटलं की मी गटाचा सभासद नाही, पण कुणी ऐकलं नाही. जावं लागेल. ह्या वयात माणसांना कुणीतरी सोबत हवी असते.

संध्याकाळभर मला एकदाही कुणी सर म्हणालं नाही. काम संपलं म्हणून असेल. वही तिथेच फळीवर राहिली, हे आत्ता लिहायला हा सुटा कागद शोधताना लक्षात आलं.